श्वान घुटमळलं म्हणजे नेमकं काय झालं?

चोरीची बातमी वाचणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला एक वाक्य पाठ असतं. ‘घटनास्थळी श्वानपथकास पाचारण करण्यात आले. श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व तेथेच ते घुटमळले.’ मग ‘पुढील तपास अमुक करीत आहेत’ आणि बातमी संपली. गल्लीत असतं तेव्हा ते ‘कुत्रं’ असतं, पोलिसांच्या गाडीतून उतरलं की ‘श्वान’ होतं. आणि इतका मान मिळूनही शेवटी बिचारं घुटमळतंच.

हे आठवायचं कारण टेक्सासमधली माझी मावसबहीण. तिला तिकडच्या एका प्रकारच्या कादंबऱ्यांचं वेड लागलंय. नायक पोलिसात नाहीतर लष्करात, सोबत त्याचा कुत्रा, नायिकेच्या जिवावर कोणीतरी उठलेलं. परवा फोनवर म्हणाली, “अरे, आपल्याकडचे कुत्रे नेहमी रस्त्यावर येऊनच का घुटमळतात? इथले तर थेट खुन्याच्या दारात जाऊन उभे राहतात!”

प्रश्न गमतीत विचारलेला, पण उत्तर तिला फोनवर नीट देता आलं नाही. म्हणून हे.

कादंबरीतला कुत्रा

या कादंबऱ्यांना तिकडे ‘इन्स्पिरेशनल रोमँटिक सस्पेन्स’ म्हणतात. ‘इन्स्पिरेशनल’ म्हणजे आपल्या अर्थाने प्रेरणादायी नव्हे. अमेरिकी प्रकाशनव्यवहारात त्याचा सरळ अर्थ ख्रिस्ती श्रद्धेचा धागा असलेलं लेखन. प्रार्थना असते, देवावरचा उडालेला विश्वास परत बसतो, शिवीगाळ नसते, आणि प्रेमकथा असूनही शयनगृहाचं दार वाचकासाठी बंदच. हार्लेक्विन ही या बाजारातली मोठी प्रकाशनसंस्था. तिच्या या प्रकारातल्या मालिकेत कुत्र्यांच्या पथकांवरचे संच निघतात. पथक एकच, प्रत्येक पुस्तकात नवी जोडी, नवा कुत्रा, बहुतेक वेळा लेखिकाही वेगळी, आणि सगळ्या पुस्तकांतून पुढे सरकत जाणारं एक मोठं रहस्य.

या मांडणीत कुत्रा इतका चपखल का बसतो? मला वाटतं, दोन कारणं. एक तर जवळीक दाखवायला बंधन आहे, मग ती कुत्र्याच्या पाठीवर उतरते. दोघांचे हात एकाच वेळी त्याच्या केसांत जातात, बस्स, पानभर तेवढंच पुरतं. दुसरं असं, की सगळी पात्रं काहीतरी लपवत असताना खोटं न बोलणारं कोणीतरी गोष्टीत लागतं. कुत्रा गुरगुरला की वाचकाला कळतं, हा माणूस बरा नाही.

खरी गल्लत इथेच होते. खऱ्या पोलिसी कुत्र्याला बरा माणूस आणि वाईट माणूस यातलं काही कळत नाही. त्याला वास कळतो.

बोंबील कोणाच्या घरी भाजतायत?

चाळीत किंवा बिनलिफ्टच्या इमारतीत राहिलेल्यांना हे लगेच समजेल. जिना चढताना पहिल्या मजल्यावर सुक्या बोंबलांचा वास येतो. दुसऱ्यावर वाढतो. तिसऱ्यावर एकदम कमी, आणि चौथ्यावर पुन्हा नाकात शिरतो. वास तिसऱ्या मजल्यावरूनच निघालेला असतो, पण खिडकीतून येणारी झुळूक त्याला वर ढकलते. म्हणजे वास जिथे सगळ्यात दाट, तिथेच त्याचा उगम असेल असं नाही. वास वाऱ्यासारखा वाहतो, कोपऱ्यात साचतो, ऊन तापलं की वर उठतो.

माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत झडत असतात. त्यांच्यासोबत घाम, तेलकटपणा आणि जंतूही खाली पडतात. शिवाय पावलाखाली गवत चिरडतं, माती उकरली जाते, त्याचा वेगळा वास. या सगळ्याची जी रेघ मागे राहते तिला माग म्हणायचं. आपल्या नाकाला ती नसल्यातच जमा.

कुत्र्याचं नाक यासाठीच घडलेलं आहे. वास ओळखणाऱ्या ग्राहकांची आपल्याकडे साधारण ४०० जनुकं कामाची, कुत्र्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट. वास टिपणाऱ्या पेशींचा फरक त्याहून कितीतरी मोठा: आपल्याकडे काही दशलक्ष, तर जर्मन शेफर्डकडे वीस कोटींच्या वर असल्याचं सांगितलं जातं. पण मला आकड्यांपेक्षा नाकपुडीची रचना भारी वाटते. नाकपुडीच्या बाजूला ती छोटी चीर दिसते ना, श्वास सोडताना हवा तिथून मागे आणि बाजूला जाते. समोरचा वास फुंकरीने उडून जात नाही, आणि हुंगणं सेकंदाला पाच-पाच वेळा चालू राहतं. आत गेलेल्या हवेचा मोठा भाग फुप्फुसांकडे, आणि थोडा भाग नाकाच्या मागच्या एका वेगळ्या कप्प्यात, फक्त वासाच्या तपासणीला.

नॉर्वेतल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस चालून गेल्यावर गवतावर वीस मिनिटांनी आणि काँक्रीटवर तीन मिनिटांनी कुत्र्यांना मागावर आडवं आणलं. प्रश्न एवढाच: माणूस डावीकडे गेला की उजवीकडे? कुत्र्यांनी जेमतेम तीन ते पाच सेकंद, दोन ते पाच पावलं हुंगली आणि बरोबर दिशा पकडली. लागोपाठच्या दोन पावलांत फरक असतो तो फार तर सेकंदाचा. तेवढ्या वेळात शिळा झालेला वास त्यांना ताज्यापासून वेगळा करता येतो.

मग घुटमळतं का?

वरच्या प्रयोगातले आकडे पुन्हा पाहा. गवत, वीस मिनिटं. काँक्रीट, तीन मिनिटं. आपल्याकडे घरफोडी उघडकीस येते सकाळी सातला, ठाण्यात वर्दी आठला, पथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत अकरा. तोवर अर्धं गाव आत डोकावून गेलेलं असतं, शेजारणीने कपाट उघडून पाहिलेलं असतं, कोणीतरी दयाळूपणे अंगण झाडलेलं असतं. वर डांबरावर ऊन.

आणि चोर रस्त्यापर्यंत चालत आला, तिथे मोटरसायकलवर बसला, तर मागच संपतो. कुत्रं तिथे गोल फिरतं, मागे येतं, पुन्हा तिथेच जातं. बातमीत ते ‘घुटमळलं’. वाचणाऱ्याला ते अपयश वाटतं, तपास अधिकाऱ्याला मात्र त्यातून बरंच कळतं: माणूस या वाटेने आला, इथे गाडीत बसला, म्हणजे जोडीदार किंवा गाडी इथे उभी होती. मग त्या टप्प्यावरच्या पानटपरीवाल्याला विचारायचं, समोरच्या पेट्रोलपंपाचा सीसीटीव्ही काढायचा. घुटमळणं हा मागाचा शेवट आहे, आणि तो शेवट कुठे आहे हे कळणंही कमी नाही.

दोन वेगळी कामं

श्वानपथकात सगळे कुत्रे एकच काम करत नाहीत. माग काढणारा तो ट्रॅकर. चोरी आणि खुनाला हाच बोलावतात. ठरावीक पदार्थ हुंगून काढणारा तो स्निफर. स्फोटकांचा वेगळा, अमली पदार्थांचा वेगळा. आणि ही वाटणी सोयीपुरती नाही. एकाच कुत्र्याला दोन्ही शिकवलं आणि तो बॅगेपाशी बसला, तर बॅग उघडायची की इमारत रिकामी करायची, हे कसं ठरवणार?

स्निफरच्या बाबतीत मुंबईची उदाहरणं मोठी आहेत. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘झंजीर’ या लॅब्रेडॉरने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधायला मदत केली. २००० साली तो गेला तेव्हा त्याला पोलीस इतमामाने निरोप दिला. २६/११ ला राबलेले मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले. त्यातला शेवटचा, सीझर, २०१६ मध्ये गेला. बीड पोलिसांचा रॉकी तर २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये आला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत झाली होती.

स्निफरचं काम मागापेक्षा सोपं असतं असं नव्हे, पण एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे. तो बसला, बॅग उघडली, आत स्फोटकं निघाली की हिशेब पूर्ण. तो चुकला तर चूकही लगेच दिसते. ट्रॅकर एखाद्या माणसाच्या दाराशी थांबला, तर दार उघडून काय तपासणार?

त्याला गुन्हा कळतो की चेंडू?

चेंडू. प्रशिक्षणाचं सार एवढंच. पिल्लाला चेंडूचं वेड लावायचं, मग चेंडू आणि विशिष्ट वास यांची सांगड घालायची. डब्यांची रांग लावायची, एकात तो वास. बरोबर डब्यापाशी बसला की चेंडू. हजारदा. कुल्फीवाल्याची घंटा ऐकून पोरं धावतात ती घंटेसाठी नाही. कुत्र्याला आरडीएक्सचा वास ही तशी घंटा आहे. स्फोटकांचा कुत्रा वास मिळाला की शांत बसतो, खरवडत नाही, कारण खरवडणं कोणालाच परवडणारं नाही.

इथे हमखास एक शंका येते: अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्याला आधी त्याची चटक लावतात म्हणे. नाही लावत. नशेतला कुत्रा कामाचा नाही, आणि जगणारही नाही. त्याला व्यसन असतं ते चेंडूचं.

सीमा सुरक्षा दलाचं ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला, लष्कराचं मेरठला अशी मोठी केंद्रं आहेत. अमेरिकी लष्कराचे कुत्रे टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या लॅकलँड तळावर शिकतात. तिथे जन्मलेल्या पिल्लांच्या नावातलं पहिलं अक्षर दोनदा लिहितात, म्हणजे पैदास घरची आहे हे ओळखू येतं. मावसबहिणीच्या गावाहून तो तळ गाडीने काही तासांवर, आणि तिला ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे मुधोळ या देशी शिकारी जातीच्या कुत्र्याचा बोलबाला झाला तो मेरठने २०१६ मध्ये ती पिल्लं घेतली तेव्हापासून. कर्नाटकातलं मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान होतं, त्यामुळे आपल्याला अभिमान वाटणं साहजिक. पण तो मुळात नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा. त्याला नाकाच्या कामाला लावणं म्हणजे चांगल्या धावपटूला गायनाच्या परीक्षेला बसवणं. जमेलही, पण लॅब्रेडॉरशी तुलना करताना एवढं लक्षात ठेवावं.

नंदीबैलाचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड भाग. कुत्रा एकटा काम करत नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्याला सांभाळणारा पोलीस असतो. पथकात त्याला हँडलर म्हणतात. कुत्र्याच्या बसण्याचा, शेपटीचा, श्वासाचा अर्थ लावणं त्याचं काम.

नंदीबैल आठवा. “पाटलाच्या घरी लक्ष्मी येईल का?” बैल मान डोलावतो. बैलाला पाटील माहीत नाही, लक्ष्मीही माहीत नाही. त्याला मालकाच्या हातातली दोरी आणि गुबूगुबूची लय माहीत आहे. नंदीबैलवाला ते मुद्दाम करतो. हँडलर मुद्दाम करत नाही, पण नकळत होऊ शकतं का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हे तपासलं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. कुत्रा आणि हँडलर अशा १८ जोड्या, एक चर्च, १४४ वेळा झडती. हँडलरना सांगितलं होतं की इथे वास लपवलेला असू शकतो, आणि काही ठिकाणी खूण म्हणून लाल कागद लावले होते. प्रत्यक्षात तिथे ना अमली पदार्थ होते, ना स्फोटकं. तरी कुत्र्याने इशारा दिल्याचं हँडलरनी २२५ वेळा सांगितलं. १४४ पैकी फक्त २१ झडत्यांत कोणी काहीच सापडल्याचं म्हटलं नाही. गंमत अशी की काही ठिकाणी कुत्र्यांना भुलवायला सॉसेज लपवले होते. पण जास्त इशारे पडले ते हँडलरना दिसणाऱ्या लाल कागदांपाशी.

आता कुत्र्याने हँडलरची चाल ओळखून बसकण मारली, की न बसताच हँडलरला तो बसल्यासारखा वाटला, हे या प्रयोगातून सुटं करता येत नाही. दोन्हीतला निष्कर्ष एकच: नाक कुत्र्याचं असलं, तरी ‘सापडलं’ हे म्हणणं माणसाचं असतं. यावर उपाय आहे. सरावात वास कुठे लपवलाय, की लपवलेलाच नाही, हे हँडलरलाही कळू द्यायचं नाही. उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा, म्हणून टाळला जातो.

कोर्ट काय म्हणतं?

महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात, गाडी रुळांवरून घसरवल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली यावर मार्मिक भाष्य केलं. युक्तिवाद असा होता की रक्ताची चाचणी मानता, तशीच कुत्र्याची साक्ष माना. न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा: रसायनं आणि रक्तपेशी यांना स्वतःची निवड नसते. कुत्रा बुद्धिमान प्राणी आहे, तो विचार करतो, आणि जिथे विचार आला तिथे चूक, फसवणूक आणि स्वतःची फसगतही आली. म्हणजे कुत्रा हुशार आहे, म्हणूनच त्याच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही! बाकीचा पुरावा पुरेसा असल्यामुळे न्यायालयाने तेव्हा कायमचा नियम घालून दिला नाही. पण तेव्हापासून आपल्याकडे कुत्र्याचा माग हा तपासाला दिशा देणारा धागा मानतात. त्यावर एकट्यावर शिक्षा टिकणं कठीण.

नेहमीचे आक्षेपही समजण्यासारखे आहेत. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. जे सांगतो ते हँडलर, म्हणजे ऐकीव. माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर टांगू नये, हा दुसरा. आणि तिसरा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा: कुत्र्याचं दृश्य इतकं नाट्यमय असतं की पाहणाऱ्याच्या मनावर ते वाजवीपेक्षा जास्त ठसतं.

अमेरिकेत जरा वेगळं आहे. तिथे कुत्र्याच्या इशाऱ्यावर पोलिसांना गाडीची झडती घेता येते. फ्लोरिडातल्या एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एकमताने म्हटलं की कुत्रा रीतसर प्रशिक्षित आणि प्रमाणित असेल तर तेवढा भरवसा पुरे, आरोपीला हवं तर त्याला आव्हान देऊ दे. मात्र त्याच वर्षी, फ्लोरिडाच्याच दुसऱ्या प्रकरणात, वॉरंट नसताना घराच्या ओसरीवर कुत्रा नेऊन हुंगवणं हीच झडती झाली, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. गाडी वेगळी, घर वेगळं. कादंबरीतला नायक बिनधास्त ओसरी चढतो, तो मुळात नियम मोडत असतो.

यंत्रं आणत का नाहीत?

आणलीत. विमानतळावर बॅगेवर कापडी पट्टी फिरवून यंत्रात घालतात ते त्यासाठीच. पण यंत्राला कुठे पुसायचं हे माणसाला सांगावं लागतं. कुत्रा फलाटभर पसरलेल्या वासातून चालत जाऊन नेमक्या बॅगेपाशी थांबतो. वीस-तीस मिनिटांनी दमतो, उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला की हुंगणं मंदावतं, त्याला विश्रांती लागते, हे खरं. तरी जागा हुडकण्यात त्याला तोड नाही.

कादंबऱ्या एका बाबतीत मात्र खऱ्या आहेत: जोडीच्या. हँडलर बदलला की कुत्र्याला पुन्हा सूर लागायला वेळ लागतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राजौरीत लष्कराच्या ‘केंट’ या लॅब्रेडॉर मादीने आपल्या हँडलरला वाचवताना जीव गमावला. ते कोणत्याही कादंबरीत शोभेल. कादंबरीत न येणारी बाजूही आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने चार हजारांच्या आसपास कुत्रे नेले, परत आले सुमारे दोनशे. उरलेल्यांपैकी बरेच लष्करी भाषेत ‘जादा सामान’ ठरले. निवृत्त लष्करी कुत्र्यांना दत्तक देण्याचा कायदा तिकडे झाला तो २००० साली.

ओट्यावरचा माणूस

कुत्र्याचं दृश्य मनावर वाजवीपेक्षा जास्त ठसतं, या तिसऱ्या आक्षेपाचं मला इतकं वाटतं त्याचं कारण जुनं आहे. मी सातवीत असताना आमच्या गावात किराणा दुकान फुटलं. जीप आली, तिच्यातून काळा-तांबडा डॉबरमन उतरला. आम्ही पोरं पिंपळाच्या पारावर. कुत्रा दुकानात शिरला, तुटलेलं कुलूप हुंगलं, बाहेर आला, गिरणीवरून, मारुतीच्या मागून सरळ गेला आणि दुकानात झाडलोट करणाऱ्या माणसाच्या ओट्यापाशी थांबला. गावभर ‘आऽऽ’ असा आवाज झाला, तो अजून कानात आहे.

तो माणूस रोज पहाटे ते दुकान उघडायचा, झाडायचा, ते कुलूप त्याच्याच हातातलं. त्याचा वास तिथे नसता तरच नवल. कुत्र्याने आपलं काम चोख केलं होतं. पोलिसांनीही त्याला दोन दिवसांत सोडलं. चोर पुढे भलतेच निघाले, तालुक्याबाहेरचे. पण दुकानदाराने त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि दळणाच्या रांगेत बायका त्याच्या बायकोपासून डबा जरा लांब ठेवू लागल्या. दिवाळीनंतर ते कुटुंब कल्याणला निघून गेलं.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर हँडलरने जीपच्या मागे जाऊन खिशातून चिंध्यांचा चेंडू काढला. डॉबरमन वेडा झाला. उड्या मारत, धुळीत लोळत, चेंडू तोंडात घेऊन त्याने जीपला तीन फेऱ्या मारल्या. आम्ही टाळ्या वाजवत होतो. समोरच्या ओट्यावर तो माणूस दोन शिपायांच्या मधे बसून ते बघत होता.